गौतमीबाईंच्या गुलाबी नळ्या

गुलाबी रंग दिसला की माणसं खूश होतात. बारशाला गुलाबी झबलं, लग्नात गुलाबी फेटा, जत्रेत गुलाबी साखरेचा कापूस. मी मात्र अजूनही आधी तो किती गडद आहे ते बघते. कारण मी ज्या बाईंच्या हाताखाली काम केलं, त्यांच्याकडे गुलाबी म्हणजे नुकसान. फिकट गुलाबी म्हणजे थोडं नुकसान, आणि सरबतासारखा गडद गुलाबी म्हणजे पार वाट लागली.

गौतमी साळवे त्यांचं नाव. आम्ही गौतमीबाई म्हणायचो. अंधेरी पूर्वेला एका संस्थेची प्रयोगशाळा होती, तिथे त्या मेंदूवर संशोधन करायच्या आणि मी काचेच्या नळ्या धुवायची. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. आमच्या ह्यांची गिरणी बंद पडलेली, मी सातवी पास, हाताला दुसरं काय काम मिळणार? पण नळ्या धुण्यातही शास्त्र असतं हे मला बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं. मी आपली घरच्यासारखी तारेची घासणी घेऊन बसले, तर बाई धावत आल्या.

"सुमनताई, अहो ठेवा ती! लोखंडाचा कण जरी नळीत राहिला ना, तर माझा मेंदू गंजेल."

"तुमचा?"

"म्हणजे उंदराचा. माझा गंजलेलाच आहे."

अशा होत्या बाई. उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या, पण चालायच्या अशा की मागच्याला पळावं लागे. केसांची एकच घट्ट वेणी, कानात पेन्सिल, साडीला खोचलेला पिवळा फडका. जालन्याकडचं कुटुंब, वडील मुंबईला आले आणि साकीनाक्याच्या एका कारखान्यात लेथवर लागले. राहायला घाटकोपरला पंतनगर. मी भटवाडीतली. त्यामुळे सकाळी घाटकोपर-अंधेरी बस आम्ही एकत्रच पकडायचो, आणि त्या बसमध्ये माझं खरं शिक्षण झालं.

बाईंना समजावून सांगायचं व्यसन होतं. कुणी विचारो न विचारो. शेजारी भाजीची पिशवी घेऊन बसलेली बाई असो नाहीतर शाळेचा मास्तर, पाच मिनिटांत त्याच्या मांडीवर मेंदू.

"सुकं खोबरं जुनं झालं की काय होतं?" असा त्यांचा पहिला प्रश्न.

"खवट होतं."

"का?"

"का म्हणजे? जुनं झालं म्हणून."

"नाही हो! हवा लागते म्हणून. हवेतला प्राणवायू तेलाला चिकटतो. आता मेंदू म्हणजे काय? पाणी सोडलं तर निम्म्याहून जास्त चरबीच की! तो डोक्यात खवट होऊ शकतो, असं कधी मनात आलं?"

भाजीवाली बाई पदराने डोकं झाकून घ्यायची.

मग बाई पुढे. प्राणवायूशिवाय आपण जगत नाही, पण त्याचेच काही कण जोडीदार हरवलेले असतात. असा कण दुसऱ्याचा जोडीदार ओढून घेतो. मग तो दुसरा पिसाळतो, तो तिसऱ्याचा ओढतो. शास्त्रात त्यांना मुक्त मूलकं म्हणतात, बाई सरळ मवाली म्हणायच्या. आणि त्या सगळ्या मारामारीत एखादा भला माणूस मध्ये उभा राहतो, म्हणतो, घे बाबा माझा जोडीदार, मी काही पिसाळत नाही. "हा भला माणूस म्हणजे अँटिऑक्सिडंट. जीवनसत्त्व ई त्यातलंच. चरबीत जाऊन बसतं, राखणदारासारखं."

एकदा त्या इतक्या रंगात आल्या की मवाली असल्फ्याला सुटले ते मरोळ आलं तरी थांबेनात. कंडक्टर मागून ओरडला, "ओ मॅडम, तुमचा स्टॉप मागे गेला. राहू द्या ना मेंदू, उद्या पण आहे तो!"

हे सगळं कुठून सुरू झालं, तेही मला बसमध्येच कळलं. साकीनाक्याचा सिग्नल लागला की बाई दोन मिनिटं गप्प व्हायच्या. तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे वडील मशीनपाशीच कोसळले होते. मेंदूतली रक्ताची वाट अडली होती. दवाखान्यात नेलं, वाट मोकळी झाली असं डॉक्टर म्हणाले, सगळ्यांनी हुश्श केलं. आणि पुढच्या दोन दिवसांत उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं.

"रक्त नव्हतं तेव्हा नुकसान झालं, ते मला समजतं," बाई म्हणायच्या. "पण रक्त परत आल्यावर ते वाढलं कशाला? मी तेव्हा कॉलेजात होते. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, असं होतं कधीकधी. हे काय उत्तर झालं?"

त्या उत्तराच्या मागे त्या दहा-बारा वर्षं होत्या. त्यांचं म्हणणं होतं की परत येणाऱ्या रक्ताबरोबर प्राणवायूचा लोंढा येतो, आणि गुदमरलेल्या मेंदूत मवाल्यांचा दंगा होतो. राखणदार आधीपासून आत बसलेला असेल तर कमी होतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यावरच पीएच.डी. मुदत संपत आली होती. मुदतीत प्रबंध दिला तर संस्थेत कायमची जागा, नाही तर दार बंद, असं आमच्या मोठ्या सरांनी स्पष्ट सांगितलेलं.

पंतनगरात मात्र बाईंची वेगळीच कीर्ती. मेंदूवर काम करतात म्हटल्यावर दहावीच्या परीक्षेआधी आया दारात रांग लावायच्या. मी एकदा तिथेच होते, तेव्हा शेजारच्या पेडणेकर काकू आल्या.

"गौतमी, आमच्या मंग्यासाठी ती मेंदूची गोळी दे गं. भूमितीत वाट लागलीय."

"काकू, माझ्याकडे फक्त उंदरांची आहे."

"चालेल गं, तो काय वेगळा आहे?"

बाई इतक्या हसल्या की आतून त्यांच्या वडिलांच्या घशातूनही खुदखुदल्याचा आवाज आला. पण हसून झाल्यावर त्यांनी काकूंना बसवलं आणि नीट सांगितलं. गोळीने हुशारी येत नाही. मेलेला भाग जिवंत होत नाही. मी बघतेय ते एवढंच, की आधीपासून पोटात असेल तर बाजूचा भाग वाचतो का. तेही उंदरात. "माणसाचं मला माहीत नाही, काकू. माहीत असतं तर बाबांना आधी दिलं नसतं का?" दुसऱ्या दिवशी काकू वडिलांसाठी सोलकढी घेऊन आल्या.

उंदीर मारायचे म्हणून टोमणेही ऐकायला लागायचे. "बुद्धाला मानता आणि उंदीर कापता होय?" असं एकाने बसमध्ये विचारलं. मला वाटलं आता बाई त्याला धुणार. त्या म्हणाल्या, "हो, कापते. वाईट वाटतं. म्हणून एकही वाया घालवत नाही." उंदीर कापायच्या दिवशी त्या जेवायच्या नाहीत, हे मी त्याला सांगणार होते, पण त्यांनी माझा हात दाबला.

आता नळ्यांचं सांगते. उंदराला गुंगी द्यायची, मानेतल्या रक्ताच्या वाहिन्या थोडा वेळ बांधायच्या, मग सोडायच्या. पुढे मेंदू बर्फावर वाटून घ्यायचा, त्यात एक औषध घालायचं आणि नळ्या गरम पाण्यात उकळायच्या. असा काही कुबट वास सुटायचा की जेवणाचा डबा उघडवत नसे. आणि हळूहळू त्या नळ्या गुलाबी व्हायच्या. जितकी चरबी खवट, तितका रंग गडद. तो रंग मोजायचं यंत्र होतं, त्यात नळी ठेवली की सुई हलायची.

ही सुई वाचायचं काम बाईंनी कुणाला द्यावं? मला! सातवी पास बाईला.

"अहो, एवढे शिकलेले लोक आहेत इथे."

"म्हणूनच नको. त्यांना सगळ्यांना माहीत आहे, मला काय हवंय ते. मला तर माझ्या डोळ्यांचा अजिबात भरवसा नाही. मी माझ्या बाजूची आहे ना!"

नळ्यांवर नुसते आकडे असायचे. कुठला आकडा कुठल्या उंदराचा, ते बाईंच्या वहीत, आणि वही कपाटात. मी सुई वाचायची तेव्हा बाई खिडकीकडे तोंड करून, पाठमोऱ्या उभ्या. का, तर "माझा चेहरा बघून तुमची सुई हलेल." मी आकडा सांगायची, त्या पाठमोऱ्याच लिहायच्या. भिंतीवर कागद धरून लिहायच्या हो! अक्षर असं यायचं की नंतर वाचताना आम्ही दोघी भांडायचो.

उंदरांचं खातं गणपतमामांकडे. मालवणकडचा म्हातारा, अंगाने काटकुळा, डोक्यावर नेहमी पांढरी टोपी. पिंजरे साफ करायचे, पाणी बदलायचं, खाणं द्यायचं. तात्पुरत्या कामावर होते, पण बाईंपेक्षा आधी येत आणि नंतर जात. बोलणं बेताचं. उंदरांशी बोलत तेवढं माणसांशी नाही. खोलीत पिंजऱ्यांच्या दोन ओळी होत्या. उजव्या ओळीला बाई रोज स्वतः ई जीवनसत्त्वाचे थेंब पाजायच्या, एकेकाला मानेला धरून, "आ कर, राजा" म्हणत. डाव्या ओळीला मुद्दाम ते जीवनसत्त्व काढून टाकलेलं कोरडं खाणं. बाईंनी मामांना बजावलं होतं, डाव्या ओळीला दुसरं काही म्हणजे काही द्यायचं नाही. मामांनी मान हलवली होती.

माझ्या डब्यातलं उरलंसुरलं मी मामांना द्यायची. मोड आलेले मूग, मेथीची कोवळी पानं, सोमवारी उपासाचे शेंगदाणे. मामा रुमालात बांधून न्यायचे. म्हातारा एकटा राहतो, खाईल बिचारा, असं मला वाटे.

तर अशी सगळ्यात मोठी तुकडी झाली. महिनोन् महिने पोसलेले उंदीर. हीच शेवटची, यावरच प्रबंध उभा राहणार. नळ्या उकळून झाल्या, मी सुई वाचली, बाईंनी पाठमोऱ्या उभं राहून लिहिलं. मग कपाटातून वही काढली आणि आकडे लावत बसल्या. पेन्सिल कानातून काढली, परत खोचली, परत काढली.

"सुमनताई, परत वाचता?"

परत वाचलं. तेच आलं.

"दोन्ही ओळी सारख्या," बाई म्हणाल्या. "डाव्यांना काहीच दिलं नाही, आणि तरी ते फिकट. म्हणजे माझं सगळं चुकलं. राखणदार वगैरे काही नाही."

दोन दिवस बाई बसमध्ये बोलल्या नाहीत. कंडक्टरनेही विचारलं, "मॅडम, बरं नाही का?"

तिसऱ्या दिवशी त्या खाण्याची पोती तपासत होत्या. पाणी तपासलं, औषधं तपासली, मी नळ्या कशाने धुते ते परत बघितलं. मग डाव्या ओळीतला एक रिकामा पिंजरा उचलून झटकला, आणि भुशातून शेंगदाण्याचं लालसर टरफल खाली पडलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे. ते शेंगदाणे कुणाच्या घरचे ते मला माहीत होतं.

"मामा," बाई म्हणाल्या, "हे तुम्ही दिलंत?"

मामांनी टोपी काढून हातात घेतली. "होय बाय. मियाच दिलंय."

"रोज?"

"रोज. मूग, भाजी, काय असात ता." म्हातारा मान खाली घालून पुटपुटला, "त्या वळीक तुम्ही हातान भरवतास, आणि हेंका सुको भुसो. ही बिचारी जाळयेत नाक घालून बगत रवत. एका घरात पंक्तिप्रपंच माका बगवत नाय, बाय."

पंक्तिप्रपंच! एका पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला नुसतं वरण, हे पाप आमच्याकडे लहानपणापासून मनात भरवलेलं. आता ते उंदरांना लावावं का? पण मामांनी लावलं होतं. आणि खरं सांगते, मला माहीत असतं तर मीही लावलं असतं.

मला वाटलं बाई आता फुटणार. त्या पत्र्याच्या एका पालथ्या डब्यावर बसल्या. बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिल्या, स्वच्छच होते हात.

"माझी आजी गावच्या लग्नात सगळ्यांच्या शेवटी, पार उकिरड्यापाशी बसायची, मामा," त्या म्हणाल्या. "उरलेलं वरून टाकायचे पानात. तिला कुणी गुपचूप मूठभर शेंगदाणे दिले असते, तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या का?"

मामा रडायलाच लागले. मग मीही. बाईंनी नाक शिंकरलं आणि उभ्या राहिल्या. "झालं! तुम्ही दोघं रडा आता. पण माझी वाट लागली त्याचं काय?" आणि ते इतकं खरं होतं की आम्ही तिघंही हसलो.

हसलो खरे, पण एक मिनिटच. कारण वर सर होते. बाईंनी जाऊन सगळं सांगितलं, मी दाराशी उभी होते. सर शांतपणे म्हणाले, ही तुकडी गाळून टाका, झालीच नाही असं समजा, प्रबंधात एक अक्षर नको. आणि त्या म्हाताऱ्याला उद्यापासून येऊ नका म्हणावं.

"ते उंदीर मेले, सर," बाई म्हणाल्या. "झालेच नाहीत असं कसं समजू? चुकलं ते चुकलं म्हणून लिहीन."

"परीक्षक सोडणार नाहीत तुम्हाला. मुदत आठ महिन्यांवर आलीय."

"तेवढ्यात परत करते. पण मामा लागतील. उंदरांना त्यांच्याइतकं ओळखणारं दुसरं कुणी नाही."

"परत तेच केलं त्यांनी तर?"

"मग मीही जाते त्यांच्याबरोबर."

सर चष्मा पुसत राहिले. नाही म्हणाले नाहीत, एवढंच.

आणि मग बाईंनी काय केलं? रोज दुपारी जेवण झालं की पिंजऱ्यांच्या खोलीत जायच्या, तोच पत्र्याचा डबा पालथा घालून बसायच्या, मामांना समोर बसवायच्या आणि समजावायच्या. खोबरं, खवटपणा, मवाली, राखणदार, सगळं. मामा ऐकायचे, मान हलवायचे. समजतंय की नाही, देव जाणे. पण दुसऱ्याच आठवड्यात मी डबा घेऊन त्या खोलीच्या दाराशी गेले, तर म्हातारा आडवा हात करून उभा.

"सुमन, डबो थंयच ठेव. एक दाणो आत इलो तर बायची वाट लागतली."

"अहो मामा, तुमच्यासाठी आणलाय!"

"मिया भायर येवन खातंय."

नवी तुकडी पोसून झाली, नळ्या उकळल्या, मी सुई वाचली. या वेळी पाठमोऱ्या बाईंकडे मला बघवत नव्हतं, म्हणून मीच यंत्रात डोकं घालून बसले. वही उघडली. डाव्या ओळीच्या नळ्या गडद गुलाबी, उजवीच्या फिकट. आयुष्यात पहिल्यांदा गुलाबी रंग बघून आमच्याकडे कुणी टाळी वाजवली. बाईंनी नाही, मामांनी. बाई त्या गडद नळ्यांकडेच बघत होत्या. "बाबांचं असंच झालं असणार," एवढंच म्हणाल्या.

प्रबंध मुदतीत गेला, पुढे तोंडी परीक्षेचा दिवस आला. ती परीक्षा उघडी असते, कुणीही जाऊन बसावं. मी इस्त्रीची साडी नेसून शेवटच्या बाकावर, शेजारी मामा, धुतलेली टोपी. बाहेरगावचे एक वयस्कर परीक्षक आलेले. सगळं इंग्रजीत. बाई फळ्यावर काढत होत्या, पुसत होत्या, साडीचा पदर खडूने पांढरा झालेला. मला कळत काही नव्हतं, पण बाईंचा आवाज खणखणीत होता.

मग परीक्षकांनी एका पानावर बोट ठेवलं, चष्म्यावरून बघितलं आणि सरळ मराठीत आले.

"ही बिघडलेली तुकडी. हे तुम्ही लिहिलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. ही कुणाची चूक?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या शेजारी मामा उठायला लागले, मी त्यांचा सदरा धरला.

"माझी," बाई म्हणाल्या.

"तुम्ही दिलं खाणं?"

"नाही. पण खाणं देणाऱ्याला मी नियम सांगितला, कारण सांगितलं नाही. बसमधल्या परक्या माणसांना मेंदू समजावत फिरले, सर. जो माणूस दिवसभर माझे उंदीर सांभाळतो, त्यालाच सांगायचं राहिलं. त्याला समजणार नाही असं मी धरून चालले, ती चूक."

"आता समजलं का त्याला?"

बाई उत्तर देणार, तोवर मामा माझ्या हातातून सदरा सोडवून उभे राहिले होते.

"समाजला, साहेब. सांगू?"

सगळी खोली मागे वळली. परीक्षकांनी पुस्तक मिटलं. "सांगा ना."

"रगात थांबला की मेंदू गुदमारता," मामांनी सुरुवात केली. टोपी हातात, नजर समोरच्या फळ्यावर. "मगे रगात परत येता, तेच्या वांगडा वारो येता. तो वारो चरबेक खवट करता. एक कण खवट झालो की तो बाजूच्याक पिसाळता, तो तेच्या बाजूच्याक. डाव्या वळीत राखणदार नव्हतो, म्हणान ती जास्त गुलाबी होवची होती. मिया शेंगदाणे दिलंय, मूग दिलंय. म्हणजे मियाच राखणदार आत सोडलंय. मगे बायक फरक कसो दिसतलो?" क्षणभर थांबून म्हातारा म्हणाला, "माया केलंय, पण तेंचा मराण फुकट घालवलंय. आता नाय घालवचंय."

कुणी हसलं नाही. परीक्षक दोन्ही हात टेबलावर ठेवून ऐकत होते.

बाईंना पदवी मिळाली, आणि पुढच्याच महिन्यात इथल्या कायमच्या जागेहून मोठी जागा दुसऱ्या गावी मिळाली, वडिलांना घेऊन त्या गेल्या. निरोपाच्या दिवशी घाईत होत्या, नीट भेटही झाली नाही. म्हणून त्या आठवल्या की मला दिसतात त्या तशाच, फळ्यापाशी उभ्या. खडू हातात तसाच राहिलेला. इतकी बडबडी बाई, पण तोंडातून आवाज नाही. नुसते ओठ हलतायत, मामांच्या एकेका शब्दाबरोबर, पोर भरल्या सभेत कविता म्हणतं तेव्हा आईचे हलतात तसे.